माणूस विसरायला शिकवणारी बाई

गिरिजाक्का गेल्यावर कोल्हापुरात शोकसभा झाली. हॉल भाड्यानं घेतला होता, फोटोला हार होता, फोटोपुढं समई होती. मी मागच्या रांगेत बसलो होतो. एकेक जण माईकवर यायचा आणि ती किती मायाळू होती ते सांगून जायचा. एक बाई म्हणाल्या, मुक्या जिवांची आई हरपली. त्यांच्यानंतर एक गृहस्थ आले, ते म्हणाले तिचं काळीज लोण्याचं होतं. ह्याच गृहस्थांना तिनं एकदा गेटातनं हाकललं होतं आणि त्यांच्या गाडीमागं गेट मीच ओढून घेतलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलावं की. पण चांगलं आणि खोटं ह्यात काही फरक असतो.

मला कुणी बोलायला सांगितलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म फौंड्रीत भट्टीपुढं गेला. पण ती बाई कशी होती ते मला त्या हॉलातल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. ती खडूस होती, उद्धट होती, आणि माझ्या बायकोशी ती जे वागली ते मी अजून गिळलेलं नाही. म्हणून हे लिहितो. लोणी ज्यांना पाहिजे त्यांनी हॉलवाल्यांना विचारावं.

गगनबावड्याच्या रस्त्याला, जिथं सपाटी संपून डोंगर लागतात तिथं, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडांत तिचं केंद्र होतं. विजेच्या तारेला चिकटलेली, गाडीखाली आलेली, उसात कुत्र्यांनी फाडलेली वानरं वनखात्याची माणसं तिच्याकडं आणून टाकायची. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटाचं. ती त्यांना बरं करायची, हळूहळू कळपात मिसळायची आणि परत जंगलात सोडायची. पुनर्वसन म्हणायचे त्याला. फौंड्रीतनं सुटल्यावर मी घरात बसून होतो, कुणाच्या तरी ओळखीनं आम्ही दोघं तिथं कामाला गेलो. मी वॉचमन, आणि सुमन, म्हणजे माझी बायको, पाला निवडायला.

पहिल्या दिवशी तिनं आम्हाला शेडाच्या दारात उभं केलं.

"जनावरं आवडत्यात काय?"

सुमन म्हणाली, "लई आवडत्यात, बाई."

"मग तुझं अवघड हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "तुम्हाला?"

"मला न्हाई आवडत."

"तुम्ही ऱ्हावा. हिला बघू."

साठीची बाई. बुटकी, रुंद, पुरुषाचा शर्ट, पायात गमबूट, केस न्हाव्यानं कापल्यासारखे. शोकसभेतल्या फोटोत ती साडीत होती. तो फोटो कुणाच्या लग्नातला असणार, कारण मी तिला साडीत कधी पाहिली नाही. तोंडाला मास्क कायम. करोना आला, सगळ्या जगानं तोंडं बांधली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उशिरा का हुईना, अक्कल आली." माणसाची सर्दी जनावराला लागते, त्यात ती मरतात, हे ती ज्याला त्याला सुनवायची. कुणी जवळ आला की नमस्कार नाही, या-बसा नाही. "हात दाखवा." हात धुतलेले नसले की नळाकडं बोट. केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष आले तरी तेच. मूळची गडहिंग्लजकडची, कानडी हद्दीजवळची, म्हणून सगळे तिला अक्का म्हणायचे. अक्का म्हणण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

इथं यायच्या आधी ती कितीतरी वर्षं बोर्निओला होती. ते नेमकं कुठं आहे मला आजही नकाशात दाखवता येणार नाही. समुद्रापल्याडचं बेट, आपल्या गगनबावड्यासारखा पाऊस, पण बारा महिने. तिथं ओरांगउटान म्हणून तांबड्या केसांचं एक जनावर असतं, त्यांच्या अनाथ पिल्लांच्या केंद्रात ती डॉक्टर होती. मी एकदा त्याला मोठं माकड म्हणालो, तर कामातनं मान वर न करता म्हणाली, "शेपूट दिसली काय तुम्हाला? मग माकड कसं?"

पाला निवडताना सुमन तिला विचारायची आणि ती सांगायची. तेवढं मात्र ती भरभरून सांगायची.

"आई पिल्लाला सात-आठ वर्सं संगं घिऊन हिंडती. कुठलं फळ कवा पिकतंय, कुठली फांदी भार धरती, झोपायला घरटं कसं करायचं, समदं शिकवती. शिकारी आईला मारत्यात आन् पिल्लू इकत्यात. इकत घेणारा त्याला झबलं घालतो, बाटलीनं दूध पाजतो, फोटो काढतो. मोठं झालं की त्याची ताकद चार माणसाची. मग साखळी."

"आगं बाई," सुमन म्हणायची. "आन् मग?"

"मग आम्ही. त्याला परत झाडावर चढायला शिकवायचं. आन् माणूस इसरायला लावायचं. चढायला लवकर शिकतंय. माणूस इसरत न्हाई."

तिकडं जंगल तोडून पाम लावतात, त्याचं तेल इथल्या बिस्किटात येतं, असंही ती सांगायची. मी म्हणालो, मी काय बिस्कीट खात नाही. "मग ऊस बघा," ती म्हणाली. "डोंगराच्या पोटापतूर ऊस कुणी नेला? वानरांनी?" बोलण्यात कुणाला सोडायचं नाही असा तिचा बाणाच होता.

बोर्निओ सोडलं का, तर तिच्या केंद्रात पाहुणे वाढले. जनावरांच्या जेवणाच्या वेळेला समोर बाकडी मांडली, तिकीट लावलं, आणि देशोदेशीची माणसं पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढू लागली. "वरनं म्हणाले, पैसा येतोय, त्यातनं जनावरं वाचत्यात," ती सांगायची. "मी म्हटलं, मग सर्कसच काढा, जास्त वाचतील." असं बोलल्यावर कोण ठेवून घेणार? आली परत.

इथं आली आणि पुढ्यात आम्ही. बोर्निओचे पाहुणे बरे म्हणायची पाळी कोल्हापूरकरांनी तिच्यावर आणली. आपल्याकडं दारात आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय प्रेम पोचलंच नाही असं वाटतं, मग तो पाहुणा असो की जनावर. ट्रस्टवाल्यांनी रविवारी दार उघडायला लावलं होतं. तिनं आत एक भिंत बांधून घेतली, भिंतीला डोळ्याच्या उंचीवर चीर ठेवली, आणि लोकांनी एकेक करून त्या चिरीतनं बघायचं. "माणसानं जनावर बघावं. जनावरानं माणूस बघायचं काय कारण न्हाई." लोक एवढ्या लांबनं गाड्या करून येणार आणि भिंतीला नाक लावून उभे राहणार. शिव्या मला बसायच्या, कारण गेटवर मी.

एका रविवारी भिशीच्या बायकांची गाडी आली. राजगिऱ्याचे लाडू, केळी, गूळ-शेंगदाणे, डबेच्या डबे. मारुतीचं रूप म्हणून घालायला आणलेलं. आमच्यात मारुती नाही, पण मी गप्प बसून डबे काढून घेत होतो, मला तसा हुकूमच होता. त्यातली एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "नुसता नमस्कार करून येते आत जाऊन."

अक्का म्हणाली, "लांबनं करा. मारुतीला सर्दी हुती."

"चावतात का हो?" दुसरीनं विचारलं.

"तुमच्यापेक्षा कमी."

ते डबे गेले कुठं म्हणाल तर तिनं स्वतः बसून खाल्ले. बायका भिंतीपाशी रांगेत, आणि ही दारात गमबूट पसरून लाडू खाते आहे. वर म्हणते, "गूळ जरा कमी पडलाय."

दुसऱ्या खेपेला एक बिल्डर आला. पोराचा वाढदिवस होता, पोरगं सुटाबुटात. पिल्लू मांडीवर घेऊन एक फोटो काढू द्या, तुम्हाला नवा मोठा पिंजरा बांधून देतो, म्हणाला. ट्रस्टचा माणूस मागं उभा राहून हिला डोळ्यानं खुणावत होता.

"पिंजरा हाय की रिकामा," अक्का म्हणाली. "पोराला बसवा आत. काढतो फोटो."

बिल्डर पुन्हा आला नाही. शोकसभेत आला होता. लोण्याचं काळीज त्यानंच सांगितलं.

कामाच्या बाबतीत ती वेडी होती, आणि वेड्या माणसाच्या हाताखाली राबणं सोपं नसतं. बोर्निओत म्हणे पिल्लांना सापाची भीती शिकवायला रबराचा साप ठेवतात आणि त्यांच्यासमोर माणसं घाबरून पळतात. कारण भीती शिकवणारी आई नसते. तेच तिनं इथं काढलं. मोठ्या जाळीत पिल्लं, गवतात रबराचा साप, आणि अंगावर घोंगडं घेऊन, तोंड झाकून मी. साप दिसला की ओरडून पळायचं.

"कांबळे, घाबरा."

मी पळालो.

"ही काय घाबरल्याची तऱ्हा? एस्टी चुकल्यागत पळालासा. परत."

तीन-चारदा पळवलं. शेवटी म्हणाली, सरका, आणि माझ्या अंगावरचं घोंगडं ओढून स्वतः आत गेली. ती बुटकी बाई सापाजवळ गेली आणि अशी काय किंचाळली की बाहेर रस्त्यावर एक मोटारसायकलवाला थांबला. पिल्लं सरळ जाळीच्या टोकाला. बाहेर येऊन घाम पुसत म्हणाली, "असं." सुमन हसून हसून खाली बसली होती. सुमन तशी हसलेली मला तेव्हाची आठवते. त्यानंतर तिला हसायला त्या बाईनं फारसं काही ठेवलं नाही.

त्या पावसाळ्यात घाटातनं एक पिल्लू आलं. आई तारेला चिकटून मेली होती आणि हे तिच्या छातीला धरून तसंच बसलं होतं. अंगावर अजून लालसर कोवळी लव, मूठभर जीव. इतकं लहान असलं की त्याला धरायला अंग लागतं, नाहीतर जगत नाही. बोर्निओत त्यासाठी बायका नेमतात म्हणे. अक्कानं सुमनला बोलावलं.

"छातीशी बांधायचं. दिवसभर. बोलायचं न्हाई त्याच्याशी. नाव ठेवायचं न्हाई. मी सांगंन ते, सांगंन तेवढंच द्यायचं. आन् मी सांगितलं की सोडायचं. जमंल?"

"जमंल की अक्का."

जमणार नव्हतं, हे मी तिथंच ओळखलं. चाळीस वर्षं संसार केला होता मी सुमनबरोबर. तिला भाजीवाल्याशी बोलल्याशिवाय भाजी घेता येत नव्हती.

पदराच्या झोळीत ते पिल्लू घेऊन ती सगळं करायची. पाला निवडायची, झाडलोट करायची. ते तिच्या मानेतल्या काळ्या मण्यांशी खेळायचं. अक्का आसपास असली की सुमनचं तोंड बंद, अक्का लांब गेली की सुरू. "काय गं बया, भूक लागली? आं? बाळीला भूक लागली?" बाळी म्हणायची. नाव ठेवलं नव्हतं, नुसतं बाळी म्हणायची, असं मला म्हणाली.

मग एक दिवस तिनं मलिदा केला. चपाती चुरून गूळ आणि तूप. आमची लेक कागलला दिलेली, ती बाळंतपणाला आली तेव्हा तिच्या पोरीलाही सुमननं पहिला घास असाच चाटवला होता. आमच्यात तसंच करतात. मायेचं माणूस घरात गुळाच्या घासाशिवाय मोठं होत नाही. तिनं बोटभर मलिदा पिल्लाला चाटवला, त्यानं मिटक्या मारल्या, तिनं अजून दिला.

वानराचं पोट पाल्याचं असतं. गाईम्हशीसारखं, आत पाला आंबवून खाणारं. त्यात गूळ गेला की ते फुगतं. दुपारपर्यंत पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि मान टाकली. सुमन त्याला घेऊन धावत गेली. अक्कानं एका नजरेत ओळखलं. नळी घातली, औषध दिलं, आणि मांडीवर उताणं घेऊन पोट चोळत बसली. संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही. सुमन दाराशी उभी. शेवटी पिल्लानं घाण केली, त्या बाईच्या शर्टावरच, आणि डोळे उघडले.

तेव्हा ती सुमनला म्हणाली, "काय घातलंस?"

"मलिदा."

"वाईट वाटू दिऊ नगंस. तुला मारायचं असतं तर ह्याच्यापरास लवकर मारता आलं असतं. तू लाडानं मारत हुतीस. उद्यापासनं तुझं काम झालं."

दुसऱ्या दिवशी पिल्लू मागच्या जाळीत गेलं, एका म्हाताऱ्या वानरिणीजवळ. तिचा एक हात तारेनं गेला होता. तिनं आधी दात दाखवले, मग दोन दिवसांनी पोटाशी घेतलं. सुमनला मागच्या बाजूला जायला बंदी. एकदा ती फणसाआड उभी राहून बघत होती, तर अक्का मागनं येऊन म्हणाली, "वासावरनं वळखतंय ते तुला. त्याला आई मिळाली हाय. त्याला दोन आया नगंत." आणि सुमनला धुण्याच्या कामाला लावलं, वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

सुमन घरी आली की गप्प बसायची. मी म्हणालो, सोडून देऊ हे काम, कशाला ह्या बाईचं ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, "ती बरोबर हाय म्हणून राग येतोय तुमाला." मला राग येत होता, कारण बरोबर असलेल्या माणसाला दुसऱ्याला इतकं दुखवायची गरज नसते. एक शब्द मऊ बोलली असती तर पिल्लू काय मेलं असतं?

दोन-अडीच वर्षांनी मागच्या जाळीतल्या टोळीला सोडायचं ठरलं. पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं. तोवर सुमनच्या पोटात गाठ निघाली होती, औषधं चालू होती. तिचं एकच म्हणणं होतं, जाताना एकदा लांबनं बघू द्या. मीच जाऊन अक्काला विचारलं. ती म्हणाली, "कार्यक्रमाला समदेच येणार हाईत. तिनं बी यावं."

कार्यक्रम ट्रस्टवाल्यांचा. घाटमाथ्याच्या अलीकडं माळावर मांडव, हलगी, फेटे, गुलालाची पोती, माईक, आणि एक मोठे पुढारी. अक्का आदल्या आठवड्यात त्यांना म्हणाली होती, "वानरं सोडायची हाईत का गणपती?" त्यांना वाटलं ती विनोद करते. त्या दिवशी मात्र ती शहाण्यासारखी कोपऱ्यात उभी होती. सत्कार करून घेतला, शाल घेतली, फेटासुद्धा बांधून घेतला. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

मांडवापुढं झाडीकडं तोंड करून पिंजरे ठेवले होते, गोणपाटानं झाकलेले. सुमन आजारातनं उठून आली होती, लेकीनं दिलेलं इरकल नेसून, दोन्ही हातांनी माझा दंड धरून. पुढाऱ्यांनी दोरी ओढली. दारं वर गेली. हलगी कडाडली, गुलाल उडाला.

पिंजरे रिकामे होते. आत नुसता पाला.

आता गंमत बघा. पुढाऱ्यांनी क्षणभर पिंजऱ्याकडं बघितलं, मग झाडीकडं बघून टाळ्या वाजवल्या. "काय वेग आहे," माईकवर म्हणाले. "डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली." सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा एक फेटेवाला म्हणाला, "मोठा नर बघितलासा काय? काळंभोर तोंड." मी म्हटलं, बघितलं. काय करणार? दुसऱ्या दिवशी पेपरातही तसंच आलं.

मांडवात सुमननं तेवढं खरं बघितलं होतं, कारण ती एकच जीव बघायला आली होती. गर्दी पांगल्यावर ती चालत अक्कापर्यंत गेली.

"कवा सोडली?"

"परवा. फटफटायला. पार आत न्हिऊन."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस. तू आली असतीस तर ते मागं फिरलं असतं."

"लांबनं बघितलं असतं, अक्का."

"तुला लांबनं बघता येत न्हाई, सुमन."

मी तिथं तिला बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही, फौंड्रीतली भाषा होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, फेटा सोडून त्याची घडी घातली आणि म्हणाली, "हिला घरी न्या. ऊन लागंल."

नंतर सुमन दवाखान्यात पडली ती उठली नाही. कोण कोण येऊन जायचं आणि एकच बोलायचं, होशील बरी. शेजारीण म्हणायची, लेक म्हणायची, मीही म्हणायचो. मोठे डॉक्टरही बघू, बघू म्हणायचे. एका दुपारी गमबूट घालून गिरिजाक्का आली. नर्सनं अडवलं, ही आत. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. फळं नाहीत, फूल नाही, कशी आहेस नाही.

सुमन म्हणाली, "अक्का, आमची बाळी दिसली काय कुठं?"

"न्हाई."

"एकदा बी?"

"एकदा बी न्हाई. दिसू ने म्हणून तर केलं समदं."

"जगली आसंल?"

"ठाऊक न्हाई. समदी जगत न्हाईत."

मरणाला टेकलेल्या बाईला एक खोटं बोलायला काय जातं? बघितली, झाडावर होती, मजेत होती, एवढं म्हणायचं. मी उठून तिचा दंड धरणार होतो, तेवढ्यात सुमननं विचारलं, "आन् मी? मी बरी हुईन?"

"न्हाई," अक्का म्हणाली.

खोलीत शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा खोकायची थांबली. अक्कानं सुमनच्या पायावरची चादर सारखी केली आणि निघून गेली. तिच्या मागं मी व्हरांड्यात गेलो आणि म्हणालो, तू माणसांची डॉक्टर नाहीस, तुला कुणी विचारलं होतं? "तिनं इचारलं हुतं," ती म्हणाली. थांबली नाही.

सुमननं त्याच संध्याकाळी लेकीला कागलहून बोलावून घेतलं. कुणाला कुठलं लुगडं, धाकट्या नातीला कानातलं, माझ्यासाठी कुठल्या डब्यात काय असतं, सगळं शांतपणे सांगितलं. मला म्हणाली, "ह्यो दवाखाना भरून माणसं हाईत, पर बोलायला तेवढी एकच आलती." मी ऐकलं. पण मी ते मानत नाही. सुमनला शांत वाटलं हे खरं, पण ते सुमनचं मोठेपण, त्या बाईचं नव्हे.

सुमन गेल्यावर तिच्या जलदान विधीला अक्का आली. पंगतीत बसली, दोनदा वाढून घेतलं, हात धुतले आणि गेली. काम सोडून मी कोल्हापुरात आमच्या जुन्या खोलीत येऊन राहिलो. घरात डबे आहेत आणि कुठल्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तिला शेवटची बघितली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. मेहुण्याकडं निघालो होतो, गगनबावड्याच्या एस्टीनं. घाटमाथ्याजवळच्या वळणावर गाडी थांबली. पुढं पाच-सहा मोटारी वेड्यावाकड्या उभ्या, कठड्यावर वानरांची टोळी बसलेली, आणि पर्यटक त्यांना बिस्किटं, वेफर्स देत फोटो काढत होते. एका वानराच्या हातात पुडाच होता, फाडून खात होतं. पोरं टाळ्या पिटत होती.

आणि त्या सगळ्यांच्या मधे गिरिजाक्का दगड मारत होती.

वानरांना मारत होती. गमबूट, तोच शर्ट, तोंडाला मास्क, केस पांढरेफटक झालेले. दगड उचलायला वाकली की गुडघ्याला हात लावून उठायची. घशातनं शिव्या, निम्म्या कानडी. दगड कठड्यावर आपटायचे, वानरं उडी मारून दोन हात सरकायची आणि परत बसायची. एक माणूस ओरडला, "ओ आजी, मुक्या जनावराला मारताय, लाज वाटत न्हाई का?" तिनं पुढचा दगड त्याच्या गाडीच्या बाजूनं घातला. एस्टीत माणसं हसत होती. कंडक्टर म्हणाला, येडी हाय, रोज असती हितं.

मी उतरलो. का उतरलो ते मला विचारू नका. ती माझ्याकडं बघून थांबली, दम लागला होता.

"आपली हाईत?" मी विचारलं.

"निम्मी आपली."

"सुमनची हाय काय ह्यात?"

मला सगळी एकसारखीच दिसत होती. काळी तोंडं, लांब शेपट्या. त्यातलं एखादं माझ्याकडं बघत होतं की माझ्या हातातल्या पिशवीकडं, तेही कळत नव्हतं. अक्कानं कठड्यावर नजर फिरवली. तिला कळलं असणार. तिला एकेक ठाऊक होतं.

"आसंल तर तिला आधी मारा," ती म्हणाली. "बघत काय ऱ्हायलासा, कांबळे? उचला."

मी पिशवी खाली ठेवली. रस्त्याकडंचा एक दगड उचलला आणि मारला. तो कठड्याच्या पार अलीकडं पडला.

"जोरानं," ती म्हणाली.

दुसरा मारला. तो एका लहानखुऱ्या मादीच्या मांडीला लागला. ती किरकिरली, पुडा टाकला आणि कठड्यावरनं पलीकडच्या झाडीत गेली. तिच्यामागं दुसरं गेलं, मग बाकीची. फांद्या हलल्या आणि हलायच्या थांबल्या. पर्यटक आम्हा दोघांना बोलायला लागले, काय काय बोलले. अक्कानं रस्त्यावरची बिस्किटं गमबुटानं दरीत लोटली, मग वाकून दगड वेचले, शर्टाचा ओचा करून त्यात भरले, आणि पुढच्या वळणावर अजून गाड्या थांबलेल्या दिसत होत्या तिकडं लंगडत चालू लागली.